सेहेचाळिसाव्या दिवसाची बुरशी

माझं व्रत आजवर कधी मोडलेलं नाही. हे मी गर्वाने सांगत नाही. गर्व न करण्याचंही माझं व्रत आहे. फक्त माहिती म्हणून सांगते. बावीस चातुर्मास झाले! एका वर्षी मीठ सोडलं. एका वर्षी पलंग सोडला. एका वर्षी चपला सोडल्या, आणि त्या कुठे, तर झाशीत, जिथे भाद्रपदातल्या दुपारी रस्त्यावर पापड टाकला तर भाजून निघेल! एका वर्षी रागावणं सोडलं होतं. ते चार महिने आमच्या ह्यांना फार जड गेले. "अगं, रागाव एकदाची! ही शांतता मला सोसत नाही," म्हणायचे.

यंदाचं व्रत मात्र मी स्वतः तयार केलं. रोज देवाने घडवलेला एक नवा जीव शोधायचा. झाड, पाखरू, किडा, काहीही चालेल. त्याच्यावर चार अक्षता वाहायच्या, त्याचं स्वतःचं नाव घेऊन हात जोडायचे, आणि मगच अन्नाला शिवायचं. एकदा अक्षता पडल्या की जीव बदलायचा नाही. सूर्यास्ताच्या आत नाव घेऊन नमस्कार झाला नाही, तर व्रत मोडलं. किती सोपं!

पहिले पंधरा दिवस तुळस, गाय, चिमणी यांच्यात मजेत गेले. पुढे जरा ओढाताण सुरू झाली. एकतिसाव्या दिवशी मी पालीला नमस्कार केला. पाल घाबरून जी पळाली, ती अजून आमच्या घरात आलेली नाही. व्रताचं फळ म्हणतात ते हेच!

सेहेचाळिसाव्या दिवशी सकाळी मी आमच्या नगरा भागातल्या मराठी मंडळाच्या आवारात गेले. गणपती आठवड्यावर आले होते, म्हणून चौकीदार हरप्रसादने मागच्या पत्र्याच्या खोलीतून मखर अंगणात आणून ठेवलं होतं. खोलीचा पत्रा सगळा श्रावण गळत होता, त्यामुळे मखराला श्रावणातली एकही सर चुकलेली नव्हती. या मखराबद्दल तुम्हाला सांगायला हवं. समोर पितळी पाटी आहे: 'सागवानी मखर. कै. शरदचंद्र यांजकडून श्रीचरणी अर्पण.' शरदचंद्र म्हणजे आमच्या वसुंधराबाईंचे सासरे. ही दतिया गेट भागातली जुनी मंडळी. सात-आठ पिढ्या झाशीत. आम्ही नोकरीच्या निमित्ताने आलेले 'कंपनीवाले'. आम्हाला येऊन अठ्ठावीस वर्षंच झाली आहेत, त्यामुळे आम्ही नवे.

तर मखराच्या मागच्या पायावर, सोनेरी रंग उडालेल्या एका भेगेत, काहीतरी नारिंगी लुसलुशीत फुगून बसलं होतं. शिऱ्यात केशर जास्त पडावं आणि वर तो शिरा रागावून हलायला लागावा, तसं! बोट लावलं तर थुलथुल हललं. किती गोड दिसत होतं! माझ्या हातून आपसूक चार अक्षता पडल्या, मी हात जोडले, तोंड उघडलं...

आणि नाव आठवेना. आठवेल कसं? माहीतच नव्हतं!

"हरप्रसाद भैया, ये क्या है?"

"कुकुरमुत्ता है बाईजी, और क्या!"

आता देवाच्या एका लेकराला हात जोडून मी 'कुकुरमुत्ता' म्हणू? मराठीत म्हणावं तर कुत्र्याची छत्री. इथे ना छत्री, ना कुत्रं! शिवाय ते सगळ्या जातीचं नाव झालं. उद्या मला कुणी "ओ बाई" म्हणून हाक मारली, तर त्याचा नमस्कार माझ्यापर्यंत पोचेल का?

घरी आले. ह्यांचं, म्हणजे विद्याधररावांचं, पोहे खाणं चाललं होतं.

"बुरशी म्हण आणि जेव," हे म्हणाले.

"बुरशी आडनाव झालं. मला नाव हवंय."

"अगं, तिला तरी ठाऊक आहे का तिचं नाव?"

माझा आवाज मुळातच हळू. आमच्याकडे म्हणतात की मी भांडले तरी शेजारी आरती समजतात. पण मनात ठरवलं, आज नाव घेतल्याशिवाय घास नाही!

आमचा निशांत चोवीस वर्षांचा. मराठी सगळं कळतं, बोलतो मात्र अर्धं. त्याने मी काढून आणलेला फोटो मोबाइलमधल्या अ‍ॅपला दाखवला. "मम्मी, ऐप म्हणतोय गाजर का हलवा. इकाहत्तर टक्के."

"दुसरा फोटो दाखव."

"आता म्हणतोय जेली फंगस. पर जेली फंगस की तो पूरी फौज आहे मम्मी! पिवळी, काळी, कानासारखी... तू नारायणराव सरांना विचार ना."

नारायणराव म्हणजे वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. दतिया गेटलाच राहतात. खात्री झाल्याशिवाय ते स्वतःच्या चहालाही चहा म्हणत नाहीत. मी फोन लावला.

"फोटो नको!" ते गरजले. "लाकूड सांगा! बुरशी मेलेल्या लाकडावरची ना? मग आधी मेलं कोण ते सांगा!"

मग त्यांनी मला वीस मिनिटं शिकवलं, आणि खरं सांगते, भूक विसरले. नारिंगी जेलीची दोन घराणी. वरून बघाल तर जुळ्या बहिणी. पण साग, शिसव अशा रुंद पानांच्या झाडाच्या लाकडावर असेल, तर बहुतेक ट्रेमेला. ही लाकूड खातच नाही, लाकूड खाणाऱ्या दुसऱ्या बुरशीला खाते! म्हणजे पाहुण्याकडे उतरलेली पाहुणी. आणि चीड, देवदार अशा सुईसारख्या पानांच्या झाडाच्या लाकडावर असेल, तर डॅक्रिमायसिस.

"मग झालंच की!" मी आनंदाने म्हटलं. "मखर सागवानी आहे. म्हणजे ट्रेमेला!"

"सागवानी कशावरून?"

"पाटीवर लिहिलंय."

"अलकनंदाबाई, पाटी पितळेची आहे. पितळेवर बुरशी नाही आली. खात्री करा!"

दहा वाजले होते. मी वसुंधराबाईंना फोन केला. शब्द निवडून निवडून बोललं, तरी ते किती चुकीचं जाऊ शकतं ते तेव्हा कळलं.

"वसुंधराबाई, एक विचारू का? तुमच्या मामंजींनी दिलेलं मखर... खरंच सागवानी आहे ना?"

पलीकडे पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"का बरं?"

"नाही, म्हणजे त्याला बुरशी आलीय. आणि बुरशी म्हणतेय..."

"बुरशी म्हणतेय?"

"म्हणजे नारायणराव म्हणताहेत की बुरशीवरून लाकूड कळतं. म्हणजे लाकडावरून बुरशी."

"हे बघा अलकनंदाबाई," वसुंधराबाईंचा आवाज काचेच्या तुकड्यासारखा झाला, "त्या मखरात छत्तीस गणपती बसले. एकानेही तक्रार केली नाही. तुम्ही कोण?" आणि फोन ठेवला.

आता मी काय करावं? मी ठरवलं की नारायणराव स्वतः येऊन बघतील तोवर बुरशीपाशीच बसून राहायचं. कुणी पुसून टाकली तर? ते म्हणाले होते, चार वाजेपर्यंत येतो. मी चटई घेतली, तांब्याभर पाणी घेतलं, जपमाळ घेतली आणि मखरासमोर जाऊन बसले.

बस! एवढंच मी केलं. याच्यापलीकडे जे काही झालं त्यात माझा एका शब्दाचाही हात नाही. एक शब्द असता तरी तो कुणाला ऐकू गेला नसता.

साडेअकराला हरप्रसादने विचारलं, "बाईजी, खाना?"

मी म्हटलं, "आज नहीं भैया. जब तक नाम नहीं मिलता, तब तक नहीं खाऊँगी."

हरप्रसादने हे दूधवाल्याला सांगितलं. दूधवाल्याने अख्ख्या नगऱ्याला. तिकडून वसुंधराबाईंनी मंडळाच्या सेक्रेटरी प्रेमलाताईंना फोन केला होता. या दोन बातम्या रस्त्यात कुठेतरी एकमेकींना भेटल्या आणि त्यांचं लग्न लागलं. साडेबाराला प्रेमलाताई धावत आल्या.

"अलकनंदाबाई, उठा हो! असं आमरण उपोषण करतात का? आपण मखर बदलू, ठराव घेऊ, पण देवाच्या कामात असलं टोक नको!"

"उपोषण नाही हो, उपास आहे."

"बघा, शक्तीही उरली नाही बोलायला!" प्रेमलाताई मागच्या गर्दीला म्हणाल्या.

हो, गर्दी! एव्हाना पंधरा-वीस माणसं होती. कुणीतरी माझ्या गळ्यात झेंडूची माळ घातली. कुणी डोक्यावर छत्री धरली. कंपनीवाले चटईच्या उजवीकडे बसले, दतिया गेटवाले डावीकडे उभे राहिले, आणि मध्ये मी, जपमाळ हातात घेऊन, घामाघूम! हे जेवणाच्या सुट्टीत कंपनीतून आले, मला पाहिलं, आणि म्हणाले, "सकाळी पोह्यांत मीठ कमी होतं असं मी म्हटलं, ते मागे घेतो. घरी चल."

दीड वाजता एक मुलाखतवाला आला. इथल्याच कुठल्याशा मोबाइल चॅनलचा. माझ्या नाकाखाली माईक धरला. "माताजी, आपकी माँगें क्या हैं?"

"बेटा, मेरी कोई माँग नहीं. मुझे बस एक नाम चाहिए."

तो कॅमेऱ्याकडे वळला आणि किंचाळला, "सुना आपने! माताजी को नाम चाहिए! दोषी का नाम! आख़िर कौन है वो, जिसने भगवान के मखर के साथ..."

"अरे, वो दोषी नहीं है," मी म्हटलं. "वो तो बहुत छोटी-सी है. नारंगी है."

"नारंगी साड़ी वाली महिला!" तो म्हणाला.

आणि त्याच क्षणी, तुम्हाला खोटं वाटेल, वसुंधराबाई फाटकातून आत आल्या. नेसल्या काय होत्या ते तुम्हीच ओळखा!

सगळ्यांच्या माना वळल्या. वसुंधराबाई जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. मग ताठ मानेने माझ्यासमोर आल्या. "दाखवा ती बुरशी! बघूच द्या मला, कुठे आलीय आमच्या मखराला बुरशी!"

मी मागच्या पायाकडे बोट केलं.

बुरशी नव्हती.

भेग होती, माझ्या अक्षता होत्या, आणि बुरशीच्या जागी नखाएवढा सुकलेला तपकिरी डाग. मी डोळे चोळले. मी सकाळपासून तिथेच बसले होते! फक्त मघाशी दहा मिनिटं डोळा लागला होता...

"गेली!" मी म्हटलं. आणि मग, मला सांगायला लाज वाटते, मी वसुंधराबाईंच्या नखांकडे पाहिलं. त्यांनीही मला पाहताना पाहिलं.

"मी खरवडली? मी? मी आत्ता फाटकातून आले!"

"सकाळी आला असाल," कंपनीवाल्यांतून कुणीतरी म्हणालं. "आमच्या मखराला हात लावायला आम्हाला चोरी?" दतिया गेटकडून उत्तर आलं. मग मखर आमचं की तुमचं, गेल्या वर्षी आरतीचं ताट आधी कुणाकडे गेलं, मोदकांत वेलची कुणी कमी घातली, असं सगळं निघालं. अठ्ठावीस वर्षांचा हिशेब एका नारिंगी थेंबावरून! मी "अहो, ऐका तरी," असं चारदा म्हणाले. कुणीही ऐकलं नाही. एक आजोबा मात्र "मोरया" म्हणाले. कदाचित त्यांना ती प्रार्थना वाटली असावी.

साडेचारला नारायणराव रिक्षातून उतरले. गळ्यात भिंग, हातात चिमटा. "बाजूला व्हा! नमुन्यावर सावली पाडू नका!"

"नमुना नाहीसा झाला हो, सर," मी रडवेली होऊन म्हटलं.

ते वाकले, डाग पाहिला आणि हसले. अठ्ठावीस वर्षांत त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. "नाहीशी कुठे? वाळलीय. ऊन लागलं की ही मंडळी आक्रसून कागदासारखी होतात. पाणी द्या, परत फुगतात. तो तांब्या आणा इकडे."

त्यांनी माझ्या तांब्यातलं पाणी थेंबाथेंबाने त्या डागावर सोडलं. सगळे वाट बघत बसले. वीस मिनिटं, अर्धा तास, पाऊण तास. मग डागाच्या कडेला ओली चमक आली. मग ती कड उचलली गेली. आणि हळूहळू, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, ती नारिंगी गोळी परत फुगली! जराशी वेडीवाकडी, पण जिवंत!

"चमत्कार!" कुणीतरी ओरडलं.

"चमत्कार नाही, कोलॉइड!" नारायणराव ओरडले. पण त्यांचं कोण ऐकतो? हरप्रसादने नारळ फोडला. दोन बायकांनी ओटी भरली, कुणाची ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मुलाखतवाला जमिनीवर पालथा पडून बुरशीच्या तोंडाशी माईक धरून बसला.

मला मात्र एकच चिंता. सव्वासहा झाले होते, सूर्य मंडळाच्या टाकीमागे चालला होता. "सर, नाव!"

"बुडाशी पांढरा देठ आहे की नाही ते भेगेत दिसत नाही. लाकूड कळलं पाहिजे. रंगाचे पाच हात दिलेत यावर! थोडं तासून आतल्या रेषा बघू."

हरप्रसाद लगेच सुरी घेऊन आला. वसुंधराबाई मखराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "मामंजींच्या मखराला सुरी लागणार नाही. आधी माझ्यावर चालवा!"

नारायणराव घड्याळाकडे पाहायला लागले. मी उठायला गेले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. हे धावले, निशांत धावला. पण सगळ्यांच्या आधी मला धरलं ते वसुंधराबाईंनी. मी त्यांच्या खांद्यावर, आणि त्यांचं तोंड माझ्या कानाशी.

"काही खाल्लं नाहीत खरंच?" त्या कुजबुजल्या.

"नाव घेतल्याशिवाय कसं खाऊ?" मी म्हटलं. "व्रत आहे. तुमच्या मखराशी माझं काही भांडण नाही हो. मला फक्त तिला हाक मारायचीय."

वसुंधराबाईंनी एकदा गर्दीकडे पाहिलं. मग त्यांचा हात माझ्या दंडावर घट्ट झाला.

"चीड आहे," त्या म्हणाल्या.

"अं?"

"हळू! साग बरुआसागरच्या सुताराकडे पाठवला होता. मेल्याने त्याचा स्वतःच्या लेकीला पलंग केला आणि आम्हाला पेट्यांच्या चिडाचं मखर दिलं, वर सोनेरी रंग. मामंजींना कळलं तेव्हा गणपती बसले होते. म्हणाले, देव बसला त्या लाकडावर, आता त्याला कमी म्हणायचं नाही. छत्तीस वर्षं हे घराबाहेर गेलेलं नाही. खा बाई आता! तुम्ही पडलात तर मखर काय डोक्यावर घेऊ मी?"

मला रडू आलं. मी मखरासमोर बसले, हात जोडले, आणि माझ्या सगळ्यात हळू आवाजात म्हटलं, "डॅक्रिमायसिस, नमस्कार." त्याच वेळी टाकीमागे सूर्याची शेवटची कड गेली. नेमकी!

वसुंधराबाईंनी स्वतःच्या हाताने मला लिंबाचं सरबत पाजलं. मुलाखतवाला धन्य झाला. "नारंगी साड़ी वाली महिला के हाथों अनशन समाप्त! माँगें पूरी!" टाळ्या पडल्या. कंपनीवाले आणि दतिया गेटवाले एकमेकांना नारळाचा प्रसाद देऊ लागले.

एकटे नारायणराव अस्वस्थ. "अलकनंदाबाई, तुम्ही डॅक्रिमायसिस म्हणालात. कशावरून?"

वसुंधराबाईंची बोटं माझ्या खांद्यावर रुतली. खोटं न बोलण्याचंही माझं व्रत आहे. मी सरबताचा मोठा घोट तोंडात धरला आणि मान हलवत राहिले. नारायणराव वाट बघून कंटाळले. चिमट्याने बुरशीचा कण डबीत घालून पुटपुटत निघून गेले. मी घोट गिळला. मला वाटलं, आज देवाने सगळ्यांची लाज राखली!

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्यांचा फोन.

"सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. घराणं बरोबर होतं तुमचं, शाब्बास! पण ही डॅक्रिमायसिस नव्हे. तिची चुलत बहीण, डॅक्रिओपिनॅक्स. काल वाळून परत फुगल्यामुळे आकार बिघडला होता, म्हणून मलाही ओळखू आली नाही."

"म्हणजे नाव चुकलं? आणि ही... ही पण चिडावरच वाढते ना?"

"छे छे! चीड, साग, आंबा, रेल्वेचे जुने स्लीपर, हिला काही वर्ज्य नाही. लाकडाचा प्रश्न तसा गैरलागूच होता."

"गैरलागू?"

"अगदी! मी उगीच विचारत होतो. बरं, ठेवतो."

मी खाली बसले. दिवसभर उपाशी राहिले, दोन पक्षांत युद्ध पेटवलं, अठ्ठावीस वर्षांच्या ओळखीच्या बाईच्या नखांवर संशय घेतला, आणि तिने छत्तीस वर्षं जपलेलं गुपित माझ्यासाठी मोडलं. कशासाठी? तर गैरलागू प्रश्नाचं उत्तर द्यायला!

व्रताचं मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, संकल्पात गोत्र बरोबर लागलं की नावाची चूक देव चालवून घेतो. तेव्हा ते बहुधा टिकलं. वसुंधराबाईंचं गुपितही माझ्याकडे सुखरूप आहे. त्या रोज फोन करून विचारतात, "कुणाला बोलला नाहीत ना?" त्यांनी ते उगीचच सांगितलं हे मात्र मला त्यांना अजून सांगवलेलं नाही. म्हणून उरलेल्या चातुर्मासात मी मौन धरलं आहे.

मौनात बोलायची बंदी असते. लिहायची नसते, हे मी गुरुजींना आधीच विचारून घेतलं होतं.